मुक्त झालेले ग्रंथ आणि आपले कर्तव्य

(वर्षावासाच्या व्याख्यानमालेत विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कायद्याच्या एखाद्या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा मी जातीचे दाखले, सवलती किंवा अत्याचार प्रतिबंधक कायदा यांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु गेल्या काही महिन्यांत दोन माणसे आपापली गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडे आली, आणि त्यांच्यामुळे मी आज निराळा विषय निवडला आहे. जुन्या ग्रंथांवरील लेखकाचा व प्रकाशकाचा हक्क केव्हा संपतो, आणि तो संपल्यावर तुम्हां-आम्हांला त्या ग्रंथांचे काय करता येते, हा तो विषय होय.

पहिली व्यक्ती म्हणजे तालुक्याच्या गावी राहणारी एक भगिनी. तिच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. पतीचा लग्नपत्रिका छापण्याचा लहानसा छापखाना आहे. तिने कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ या जुन्या ग्रंथातील काही प्रकरणे निवडली, कठीण शब्दांचे अर्थ स्वतः लिहिले आणि ५०० प्रतींची एक पुस्तिका काढली. आठच दिवसांत एका प्रकाशन संस्थेचे पत्र आले. हा ग्रंथ आमच्याकडून निघतो, त्याचे सर्व हक्क आमच्या स्वाधीन आहेत, सर्व प्रती नष्ट करा आणि नुकसानभरपाई द्या, अन्यथा फौजदारी करू, असा त्या पत्राचा आशय होता. बाईंनी पाचशेच्या पाचशे प्रती जुन्या लुगड्यात बांधून पलंगाखाली ठेवल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, “वकीलसाहेब, आम्ही या मार्गावर नवे आहोत. कोणाची परवानगी घ्यायची राहिली असेल तर सांगा, आम्ही माफी मागतो.”

दुसरा एक तरुण. त्याने ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाचा भदन्त आनंद कौसल्यायन यांनी केलेला हिंदी अनुवाद जसाच्या तसा छापला आणि १,००० प्रती विक्रीस ठेवल्या. त्यालाही नोटीस आली होती. तो मात्र मोठ्या आत्मविश्वासाने मला म्हणाला, “ग्रंथ बाबासाहेबांचा आहे. बाबासाहेब सर्वांचे आहेत. मग परवानगी कसली?”

आता माझे उत्तर ऐका. माफी मागावयास निघालेल्या भगिनीने कोणताही अपराध केलेला नव्हता. आणि जो तरुण निर्भय होता, त्याच्याकडून दुसऱ्याच्या हक्काचा भंग झालेला होता. एकाला विनाकारण भीती, दुसऱ्याला विनाकारण धीर. दोहोंचे मूळ एकच, आणि ते म्हणजे कायद्याचा हिशेब ठाऊक नसणे. तो हिशेब फार कठीण नाही. एका भाषणात तो सांगता येतो.

तत्पूर्वी एका जुन्या दाव्याची आठवण करून देतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे तुम्हांपैकी बहुतेकांना माहीत आहे. परंतु तळ्याच्या पाण्याइतकीच महत्त्वाची असलेली त्यानंतरची कोर्टातील लढाई आपल्या घरांत क्वचितच सांगितली जाते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागदावर तळे खुले होते. तरीही तेथे जाऊन पाणी घेण्याचे धैर्य कोणाला होत नव्हते. ते घेतल्यानंतर डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्यावर दावा लावण्यात आला. वादींचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाहीच. ते आमचे आहे आणि इतरांना वगळण्याची आमची अनादि वहिवाट आहे. हा दावा दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादि वहिवाट शाबीत झालेली नाही.

या इतिहासातून वकिलाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. जे सर्वांचे आहे त्यावरही कोणी ना कोणी ‘हे माझे’ म्हणून हक्क सांगतो; आणि तो हक्क केवळ सांगितल्याने सिद्ध होत नाही, त्याला पुरावा लागतो. ग्रंथांच्या बाबतीतही असेच आहे. ज्या ग्रंथांवरील हक्काची मुदत संपलेली असते, त्यांना प्रताधिकारमुक्त ग्रंथ म्हणतात. आपण साध्या भाषेत ‘मुक्त ग्रंथ’ म्हणू. असा ग्रंथ हा सार्वजनिक पाणवठा होय. त्याची प्रत काढावी, अनुवाद करावा, त्यातील उतारे घेऊन दिनदर्शिका, भिंतीवरची चौकट, मुलांचे पुस्तक, ध्वनिफीत, नाटक काहीही तयार करावे आणि ते विकून चार पैसेही मिळवावेत. त्यासाठी कोणाची परवानगी नको, कोणाला मोबदला नको. विक्री केली म्हणून हक्क जात नाही; फुकट वाटले म्हणजेच ते कायदेशीर, असाही नियम नाही.

आता मुदतीचा हिशेब. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा चालतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या तारखेपासून न मोजता पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजावयाची असतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले. त्यांचे साहित्य १९९१ च्या अखेरीस मुक्त होणार, तोच सरकारने ती मुदत दहा वर्षांनी वाढविली. म्हणून जुन्या पुस्तकांत ५० वर्षांचा उल्लेख आढळला तर गोंधळू नका.

हे गणित आपल्या ग्रंथांना लावून पाहू. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. मोजणी १ जानेवारी १९५७ पासून, ६० वर्षे पूर्ण झाली ३१ डिसेंबर २०१६ रोजी. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले सर्व ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून भारतात मुक्त झाले आहेत. १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मुक्त आहे. त्याच्या पुढील आवृत्तीत गांधीजींचे आक्षेप व बाबासाहेबांचे उत्तर छापलेले आहे. गांधीजी १९४८ साली वारले, तेव्हा त्यांचे लेखनही २००९ पासून मुक्त आहे. १९४६ चे ‘हू वेअर दि शूद्राज?’ आणि १९४८ चे ‘दि अनटचेबल्स’ यांनाही हाच नियम लागू आहे.

महात्मा जोतीराव फुले १८९० साली निवर्तले. ‘गुलामगिरी’, ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेला ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हे ग्रंथ कधीच मुक्त झालेले आहेत. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले आणि पाली वाङ्मय मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचणारे धर्मानंद कोसंबी १९४७ साली वारले. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ २००८ पासून मुक्त आहे. आणि केळुसकर गुरुजी? ते १९३४ साली वारले. त्या वेळच्या ५० वर्षांच्या मुदतीने त्यांचा ग्रंथ १९८५ पासून मुक्त आहे. १८९८ साली प्रसिद्ध झालेला हाच तो ग्रंथ, जो केळुसकरांनी मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या तरुण भीमरावांना १९०७ साली भेट दिला आणि ज्यातून त्यांना बुद्धाची पहिली ओळख झाली. ज्या ग्रंथापासून आपल्या सर्वांच्या धम्माची वाट सुरू झाली, तोच ग्रंथ छापल्याबद्दल एका बौद्ध भगिनीस माफी मागावयास लावण्याचा कोणाला अधिकार नाही.

येथपर्यंतचे गणित सोपे आहे. चुका होतात त्या पुढे, आणि त्या चार ठिकाणी होतात. त्या नीट ध्यानात घ्या.

पहिली जागा अनुवादाची. मूळ ग्रंथ आणि त्याचा अनुवाद या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न कृती आहेत. अनुवादकाच्या श्रमावर स्वतंत्र हक्क असतो आणि तो त्याच्या मृत्यूपासून मोजावा लागतो. भदन्त आनंद कौसल्यायन १९८८ साली निवर्तले. त्यांच्या हिंदी अनुवादावरील हक्क २०४८ च्या अखेरपर्यंत राहील. आपल्या घराघरांत वाचला जाणारा मराठी अनुवाद तिघा विद्वानांनी मिळून केलेला आहे. अनेकांनी मिळून केलेल्या कृतीत जो सर्वांत शेवटी वारला, त्याच्या मृत्यूपासून ६० वर्षे मोजतात. त्या तरुणाची चूक हीच होती. इंग्रजी मूळ ग्रंथ त्याला छापता आला असता. त्यावरून स्वतःचा नवा अनुवाद करता आला असता. दुसऱ्याचा अनुवाद मात्र त्याला उचलता येत नव्हता.

दुसरी जागा मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची. लेखकाच्या हयातीत जे प्रसिद्ध झाले नाही, त्याची ६० वर्षे मृत्यूपासून न मोजता प्रथम प्रसिद्धीपासून मोजतात. ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली निघाला. म्हणून तो इतर ग्रंथांबरोबर २०१७ मध्ये मुक्त झाला नाही, एक वर्षाने म्हणजे १ जानेवारी २०१८ रोजी झाला. त्याची जी प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती आणि पुढे प्रकाशात आली, तिचा हिशेब तिच्या प्रसिद्धीपासून वेगळा करावा लागतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र वाङ्मय खंडशः प्रसिद्ध केले. त्यांपैकी पुष्कळ लेखन बाबासाहेबांच्या कागदपत्रांतून प्रथमच बाहेर आले. ‘रिडल्स इन हिंदूइझम’ १९८७ च्या खंडात आले. त्याची मुदत २०४७ अखेर संपेल. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही आत्मकथनपर टिपणे १९९० साली पुस्तिकारूपाने निघाली. त्यांची मुदत २०५० अखेर. शासनाचे खंड संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात, म्हणून त्यांतील सर्व काही छापून विकता येते, असा समज करून घेऊ नका. वाचण्यास खुले असणे आणि छापण्यास मुक्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी जागा नव्या आवृत्तीची. मुक्त ग्रंथाला एखाद्या संपादकाने प्रस्तावना, टिपा, सूची जोडली, तर त्या जोडणीवर त्याचा हक्क असतो, मूळ मजकुरावर मात्र नसतो. सर्वोच्च न्यायालयाने न्यायनिर्णयांच्या संपादित आवृत्त्यांविषयीच्या ईस्टर्न बुक कंपनीच्या दाव्यात २००७ साली हेच तत्त्व सांगितले: मूळ निकालपत्र सर्वांना खुले, संपादकाने स्वतःच्या बुद्धीने घातलेली भर त्याची. त्यामुळे नवी आवृत्ती समोर ठेवून छापू नका. जुनी प्रत शोधा, तिच्यावरून मजकूर जुळवा, आणि ती प्रत जपून ठेवा. उद्या कोणी विचारले तर तोच तुमचा पुरावा.

चौथी जागा गाण्यांची आणि आपल्याच काळातील लेखकांची. वामनदादा कर्डक यांची गीते आपल्या प्रत्येक वस्तीत गाइली जातात, म्हणून ती कोणाचीच नाहीत असे आपण समजतो. वामनदादा २००४ साली गेले; त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रित गीतात कवी, संगीतकार आणि ध्वनिमुद्रण करणारा यांचे हक्क निरनिराळे असतात. अण्णा भाऊ साठे १९६९ साली वारले. ‘फकिरा’ १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होईल, आज नव्हे. आपल्या कवींनी हलाखीत दिवस काढले, हे आपणच सभांतून सांगतो. त्यांच्या वारसांचा हक्क आपणच बुडवू लागलो, तर त्या सभांना काय अर्थ राहिला?

दिनदर्शिका व चौकटी करणाऱ्यांसाठी दोन शब्द चित्रांविषयी. छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार असतो. ज्याचे चित्र काढले, तो नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राची मुदतही छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात. त्यापूर्वी ती प्रसिद्धीपासून ६० वर्षे होती. म्हणून १९५१ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली छायाचित्रे दुरुस्तीपूर्वीच मुक्त झाली, आणि एकदा मुक्त झालेले पुन्हा बांधले जात नाही, असा माझा अभिप्राय आहे. चौकात कायम उभारलेल्या पुतळ्याचे छायाचित्र किंवा चित्र काढून छापण्यास कायद्याची मोकळीक आहे. परंतु त्या पुतळ्यावरून साचा काढून मूर्ती ओतण्यास त्यामुळे परवानगी मिळत नाही. आणखी एक सावधगिरी सांगतो. सारनाथचा सिंहस्तंभ सम्राट अशोकाच्या काळचा; त्यावर कोणाचा कॉपीराइट असणे शक्य नाही. तरीही तो राजमुद्रेच्या रूपात आपल्या मालावर किंवा दुकानाच्या पाटीवर छापू नका. राजमुद्रेचा धंद्यासाठी वापर २००५ च्या स्वतंत्र कायद्याने मना केला आहे. कॉपीराइट संपला म्हणजे सर्व कायदे संपले, असे नाही.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत आणि जे तेथे पुस्तके पाठवू इच्छितात, त्यांनी लक्षात ठेवावे की प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा आहे. तेथे जुन्या ग्रंथांची मुदत प्रसिद्धीपासून ९५ वर्षे मोजतात. येथे मुक्त असलेले १९३६ चे पुस्तक तेथे २०३१ अखेरपर्यंत बांधलेले राहते. मी सांगितलेला हिशेब भारतातील छपाई व विक्री यांपुरताच समजावा.

संविधानाविषयीही पुष्कळ जण विचारतात. शासकीय प्रकाशनावरील हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे असतो; तेव्हा १९४९ साली स्वीकारलेल्या मूळ संहितेची मुदत २०१० अखेरपर्यंत संपलेली आहे. उद्देशिका छापून घराघरांत लावा. मात्र १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तिच्यात शब्द घातले गेले आहेत. तुम्ही कोणता पाठ छापला, हे खाली लिहा.

आता प्रश्न असा की, खोटा हक्क सांगणारे पत्र आले तर काय करावे. घाबरून प्रती पलंगाखाली ठेवू नयेत. कॉपीराइट कायद्याचे कलम ६० अशाच प्रसंगासाठी आहे. जो निराधारपणे कारवाईची धमकी देतो, त्याच्याविरुद्ध तुम्ही स्वतः दिवाणी न्यायालयात जाऊ शकता. आपण कोणाच्या हक्काचा भंग केलेला नाही असे ठरवून मागावे, धमक्या थांबविण्याचा मनाई हुकूम मागावा आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही मागावी. धमकी देणाऱ्याने तत्परतेने स्वतःच भंगाचा दावा लावून चालविला, तर हे कलम चालत नाही. पण मग त्याला न्यायालयात आपला हक्क शाबीत करावा लागतो. त्या भगिनीच्या वतीने मी एक पानाचे उत्तर पाठविले. त्यात केळुसकरांच्या मृत्यूचे वर्ष, मुदतीचे गणित, ज्या जुन्या प्रतीवरून मजकूर घेतला तिचे वर्ष आणि कलम ६० एवढेच होते. शेवटी विचारले होते की, आपला हक्क कोणत्या दस्तऐवजावर आधारलेला आहे ते कळवावे. पुन्हा पत्र आले नाही. लुगड्यातील गाठोडे सुटले आणि पुढच्या पौर्णिमेला प्रती विहारात आल्या.

दुसऱ्या बाजूची गंभीरताही सांगितली पाहिजे. जाणूनबुजून हक्काचा भंग केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपयांपर्यंत दंड आहे. फौजदाराला वॉरंटाशिवाय प्रती जप्त करता येतात. त्या तरुणाने माझ्या सांगण्यावरून विक्री थांबविली आणि हक्कदारांशी समेटाचा पत्रव्यवहार सुरू केला. इंग्रजी जाणणाऱ्या दोन शिक्षकांना घेऊन तो आता मूळ ग्रंथाचे सोपे रूपांतर स्वतः करीत आहे. ते पूर्ण झाल्यावर त्यातील प्रत्येक वाक्य त्यांच्या श्रमाचे असेल, आणि त्यावरचा हक्कही त्यांचाच असेल.

परंतु कायद्यातील एक कलम मला दंडाच्या कलमापेक्षाही मोठे वाटते. ते कलम ५७ होय. लेखकाचे नाव त्याच्या कृतीवर राहिले पाहिजे, आणि कृतीची मोडतोड करून त्याच्या कीर्तीस बाध आणता कामा नये, असा लेखकाचा विशेष हक्क या कलमात आहे. तो हक्क विकल्याने जात नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीने, मोडतोड मुदत संपण्यापूर्वी झालेली असली पाहिजे, ही जुनी अट काढून टाकली आहे. म्हणजे ६० वर्षे उलटली तरी लेखकाचे वारस त्या मोडतोडीविरुद्ध उभे राहू शकतात.

याचे महत्त्व आपल्यासाठी काय आहे, ते पाहा. बाबासाहेबांचे ग्रंथ मुक्त झाले, ते केवळ आपल्यासाठी नव्हे. ज्यांना त्यांचे विचार पेलत नाहीत, त्यांच्यासाठीही ते मुक्त झाले आहेत. उद्या कोणी सुबक पुस्तक काढील, त्यावर बाबासाहेबांचे चित्र असेल, आणि आतील दोन बोचरी पाने वगळलेली असतील. कोणी बावीस प्रतिज्ञांच्या वीसच करील. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबाजवळ दुसरी प्रत नसते. जी हाती येते तीच खरी वाटते. तळे खुले झाले की पाण्याची राखणही आपल्याकडेच येते. याचा उपाय म्हणजे शुद्ध, स्वस्त आणि प्रामाणिक प्रती आपण स्वतः इतक्या काढाव्यात की खोट्या प्रतीची खोटी जागा शेजारच्या घरातच उघडी पडावी.

म्हणून जो कोणी मुक्त ग्रंथावरून काही तयार करील, त्याने पहिल्या पानावर पाच गोष्टी छापाव्यात: मूळ लेखकाचे नाव, मूळ ग्रंथाचे नाव व प्रसिद्धीचे वर्ष, कोणत्या आवृत्तीवरून मजकूर घेतला ते, अनुवाद किंवा संक्षेप कोणी केला ते, आणि काय वगळले ते. संक्षेपाला संक्षेप म्हणा; त्यात कमीपणा नाही. आणि मुक्त ग्रंथ छापून त्यावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे ठोकून देऊ नका. तुमची प्रस्तावना तुमची, तुमच्या टिपा तुमच्या, तुमची चित्रे तुमची; त्यांवर खुशाल हक्क सांगा. तळ्यावरून भरून आणलेला आपला हंडा आपला असतो, तळे नव्हे. आपण महाडला ज्यांच्या दाव्याविरुद्ध उभे राहिलो, त्यांच्याच ओळीत जाऊन बसू नये.

शेवटी माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी बोलतो, कारण ती लपवून तुम्हांला उपदेश करणे योग्य होणार नाही. मी लॉ कॉलेजमध्ये शिकत असताना आम्ही चौघा मित्रांनी ६ डिसेंबरसाठी एक पुस्तिका काढली होती. एका जुन्या अनुवादातील तीस पाने आम्ही परस्पर घेतली आणि अनुवादकाचे नावही छापले नाही. दादरला आमच्या मांडणीपाशी एक वृद्ध गृहस्थ थांबले. त्यांनी दहा रुपये देऊन प्रत घेतली, तेथेच उभ्याने चाळली आणि विचारले, “भाषांतर चांगले आहे. कोणी केले?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, “आम्हीच केले.” ते “बरं” म्हणाले आणि गर्दीत निघून गेले. अनुवादक तेच होते, हे आम्हांला संध्याकाळी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून कळले. पुढे मी त्यांचा पत्ता मिळवून पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही.

आपण दररोज पंचशील घेतो. दुसरे शील अदिन्नादानापासून विरत राहण्याचे, म्हणजे जे दिलेले नाही ते न घेण्याचे आहे. त्या दिवशी आम्ही न दिलेले घेतले होते. दहा रुपयांपेक्षा आणि तीस पानांपेक्षा मोठी वस्तू घेतली होती. परंतु त्याच शिलाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जे दिलेले आहे, ते घेण्यास भिऊ नये. मुदत संपलेला ग्रंथ कायद्याने सर्वांस दिलेला आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्यांनी तरी हे दान नाकारू नये.

घरी गेल्यावर आपल्या फळीवरील पुस्तके काढा. प्रत्येकाचे पहिले पान उघडा. लेखक कोण, तो केव्हा वारला, अनुवाद कोणाचा, प्रथम प्रसिद्धी कोणत्या साली, ते पाहा, आणि पुढील वर्षापासून ६० मोजा. जे मुक्त असेल, ते आपल्या मुलांसाठी, आपल्या वस्तीसाठी आणि आपल्या चरितार्थासाठी निर्भयपणे वापरा. जे मुक्त नसेल, त्यासाठी एक पत्र लिहून परवानगी मागा. हक्क असेल तेथे मान ताठ ठेवावी, आणि दुसऱ्याचा हक्क असेल तेथे विचारून पुढे जावे. बौद्धाचे वर्तन याहून वेगळे असू नये.

जयभीम.